लय कुणाची सुटली

"थांबा!" बाई गाता गाता मधेच म्हणाल्या, आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "कोण पळालं?"

मी मागं तंबोऱ्यावर होते. मला विचारण्यात काही अर्थच नव्हता. तंबोरा बापडा कुठं पळणार? मी आपल्या तारा छेडत राहिले.

"मी, बाई," अण्णा म्हणाला. "हात जरा पुढं गेला माझा."

"परत?"

"परत."

"बरं. समेपासून घे."

अण्णानं हात झब्ब्याला पुसले आणि ठेका धरला. दोन-तीन आवर्तनं बरी गेली. मग बाईंची ओळ समेवर येऊन टेकायच्या आतच अण्णानं कसलातरी बारीक तुकडा घुसडला, दोघंही धावत पळत कशीबशी एका जागी पोचली, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या गणपुल्यांनी घसा खाकरला. गणपुल्यांचा घसा हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. ते संगीत मंडळाचे सेक्रेटरी. कुणाचा षड्ज हलला, कुणाचा तबला उतरला, ही बातमी आधी त्यांच्या घशाला कळायची आणि मग सगळ्या मिरजेला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, वामन तारळेकर. आणि बाई म्हणजे सुभद्राबाई हुदलीकर. अण्णा त्यांच्या साथीला पहिल्यांदा बसला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेली नव्हती. आता मिशा पिकल्या होत्या. त्याच्या मागोमाग मीही त्या घरात शिरले, पण माझा गळा म्हणजे आनंदच होता, आणि लय तर त्याहून. दोन महिने शिकवून बाई म्हणाल्या, "कुमुद, तू आपली तंबोऱ्यावर बस. हात गोड आहे तुझा." तेव्हापासून बसत होते. पोटापाण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं आणि सकाळी बाईंच्या मागं बसायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं, आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

त्या वर्षी बाईंना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. मंडळानं दिवाळीनंतर मोठा कार्यक्रम धरला होता. गणपुले तालमीला येऊन बसायचे ते त्यासाठीच.

त्या दिवशी तालीम संपल्यावर अण्णा चपला घालत होता, तेवढ्यात गणपुले ओसरीवर आले.

"वामनराव, राग मानू नका हं," ते म्हणाले. असं म्हणणाऱ्या माणसाचा राग यायला मला तेवढंच पुरतं. "पण लोक बोलायला लागलेत. गणपतीतल्या कार्यक्रमातही दोनदा गडबड झाली. आता हा एवढा मोठा समारंभ, बाहेरगावचे लोक येणार. मंडळात असं चाललंय की पुण्याहून एखादा तरुण तबलजी बोलवावा. तुम्हालाही जरा विश्रांती."

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी सुनावेल. कुठलं काय! तो म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," आणि पायरी उतरला.

रस्त्यात मी त्याला धरलं. "तोंडात काय गुळणी धरली होतीस? पंचवीस-तीस वर्षं वाजवतोयस तू!"

"चुकतंय तर ऐकून घ्यायला नको?"

"खरंच चुकतंय?"

"मगाशी ऐकलंस ना."

मी ऐकलं होतं. पण कोण चुकलं हे सांगायला माझा कान काही तयारीचा नव्हता. दोघं वेगळी झाली एवढंच मला कळायचं. आणि खरं सांगायचं तर मला वेगळीच भीती होती. आमच्या वडिलांना, नानांना, अण्णाच्याच वयात कंपवात लागला होता. आधी म्हणायचे, बोट जरा जड वाटतंय. मग एक दिवस हातातून बशी निसटली, आणि पुढची दहा वर्षं आईनं त्यांना भरवलं. अण्णाच्या हातांकडं मी गणपतीपासून चोरून बघत होते. चहाचा कप उचलताना, विड्याचं पान लावताना. डॉक्टरकडं चल म्हटलं की तो हसून विषय बदलायचा.

"निदान माझ्या फळीवर तरी बोट ठेव," मी म्हणाले.

"तुझ्या फळीवर शाळेतली पोरं बसव."

फळी म्हणजे माझं त्या वर्षीचं वेड. आवाजाबरोबर माणूस ठोका कसा धरतो ते मोजायची यंत्रं परदेशात होती, पण ती आमच्या कॉलेजानं स्वप्नातही मागवली नसती. मग मीच खटपट केली. प्लायवुडचा एक तुकडा घेतला. त्याच्या पोटाला खेळण्यात आवाज काढायला असते तसली पातळ पितळी चकती चिकटवली. तिला ठोका बसला की ती कणभर वीज देते. टेबलाचे हादरे लागू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. स्पीकरवर ठोके वाजवायचे, माणसानं त्यांच्याबरोबर बोट आपटायचं, आणि ते दोन्ही आवाज एकाच वाटेनं कॉम्प्युटरात घ्यायचे. प्रत्येक ठोक्याला पडद्यावर एक ठिपका उमटायचा. मधली आडवी रेघ म्हणजे मूळ आवाज. बोट आधी पडलं तर ठिपका रेघेखाली, उशिरा पडलं तर रेघेच्या वरच्या बाजूला, आणि नेमकं पडलं तर रेघेवरच. वाचताना अडखळणाऱ्या शाळेतल्या मुलांवर माझं काम चालू होतं. मुलांना ती फळी भारी आवडायची. बाईंनाही तिचं कौतुक होतं. "आमच्या कुमुदला स्वतःला लय नाही, म्हणून तिनं लाकडाला दिली," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

पुण्याच्या तबलजीची गोष्ट गणपुल्यांनी दोन दिवसांनी बाईंच्या कानावर घातली. घातली म्हणजे काय, चिवडा खाता खाता सहज बोलल्यासारखं करून सोडून दिली.

बाईंनी बशी खाली ठेवली. "वामन नाही तर मी नाही."

"बाई, अहो, पण लय..."

"लय वामनची सुटते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तेच सांगतात ना स्वतः!" गणपुल्यांनी अण्णाकडं बोट केलं.

"तो सांगेल. मी दरीत उडी मारली तर तो म्हणेल, बाई, धक्का माझाच लागला." बाई अण्णाकडं वळल्या. "वामन, खरं सांग. तुझी जाते का माझी?"

"माझी, बाई."

बाईंनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "कुमुद, उद्या तुझी ती फळी घेऊन ये. त्याला बसव, मला बसव. दोघांनाही."

"बाई, त्याची काही गरज..." अण्णा म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला होता.

"आहे गरज. गणपुले, तुम्हीही या. नीट ऐकून ठेवा. वामनची लय सुटत असेल, तर मी त्याला सांभाळून घेईन. वर्षानुवर्षं त्यानं मला सांभाळलंय. साथीला तोच बसेल, पुण्याबिण्याचं नाव काढायचं नाही. आणि माझी सुटत असेल, तर कार्यक्रम रद्द. गुरुजी मला म्हणाले होते, आवाज उतरला तर लाजू नकोस, ते वय आहे. पण लय सुटली की उठायचं. त्यांच्या पायावर हात ठेवून मी हो म्हटलंय."

मग बशी परत उचलून बाई चिवडा खायला लागल्या.

घरी येताना अण्णानं मला विचारलं, "कुमे, तुझी ती फळी खोटं सांगते का कधी?"

"लाकूड आहे ते. त्याला काय येतं खोटं सांगायला?"

"हं," तो म्हणाला, आणि माझ्या दोन पावलं पुढं चालायला लागला. मला वाटलं, घाबरलाय. रात्री मी देवापुढं हात जोडून उभी राहिले आणि काय मागायचं तेच कळेना. अण्णाची लय शाबूत निघाली तर बाईंचं गाणं बंद होणार. सुटलेली निघाली तर... नानांची ती बशी डोळ्यांपुढं यायची. शेवटी काही न मागताच झोपले.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या बैठकीच्या खोलीत मी टेबल मांडलं. बाई लोडाला टेकून बसल्या होत्या. मी तीनतालाचे ठोके लावले; सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, चटकन ओळखू यावी म्हणून तिचा आवाज उंच ठेवला आणि तिचा ठिपका तांबडा.

"आधी कसं चालतं ते दाखवा तरी," असं म्हणत गणपुले स्वतःच फळीपुढं बसले. त्यांना वाटलं होतं, आपण एवढे जाणकार, आपले ठिपके मोत्यांच्या माळेसारखे पडतील. पडले ते लग्नात अक्षता उडाव्यात तसे. एक इकडं, एक तिकडं, तांबडे तर कुठं गेले ते शोधायला लागलं.

"अगं बाई, लग्न लागलं की!" बाई खळखळून हसल्या. अण्णाही हसला. गणपुले म्हणाले, फळी हलतेय.

मग बाई उठायला लागल्या, तसा अण्णा पटकन पुढं झाला. "आधी मी बसतो, बाई."

तो बसला. उजव्या हाताचं मधलं बोट त्यानं फळीवर ठेवलं. ठोके सुरू झाले.

पहिलं आवर्तन असं गेलं की मी इतक्या दिवसांत तसं पाहिलं नव्हतं. सगळे ठिपके रेघेवर. दुसऱ्या आवर्तनात ते सुटले. हळूहळू वर सरकायला लागले, बोट मागं मागं पडायला लागलं. तिसऱ्यातही तेच, चौथ्यात जास्तच. मी पडद्यावरून नजर काढून अण्णाच्या हाताकडं पाहिलं. हात शांत होता. थरथर नाही, अडखळणं नाही.

"गेली की हो!" गणपुले माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले. "पार गेली! बघा, बघा."

मी परत पडद्याकडं पाहिलं, आणि आता मला ते दिसलं. ठिपके रेघेपासून सुटत होते, वर चढत होते, आणि मग तितक्याच सावकाश उतरून परत रेघेवर येत होते. आणि प्रत्येक तांबडा ठिपका रेघेवर होता. एकही, एकसुद्धा, सुटलेला नव्हता. ज्याची लय खरंच जाते त्याचे ठिपके मी शेकड्यांनी पाहिले होते. ते कुठंही जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. इतक्या शिस्तीत चुकायला लय पक्की असावी लागते. हा माणूस ठरवून बाहेर जात होता आणि बरोब्बर समेला घरी येत होता.

ठोके थांबले. अण्णानं बोट उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. त्याची ती नजर मला माहीत होती. लहानपणी घरातली काच फुटायची ती माझ्या हातून, आणि नानांपुढं जाऊन उभा राहायचा हा. तेव्हाही मागं वळून असाच बघायचा: तू गप्प बस.

"कुमुद, तू बोल," बाई म्हणाल्या. "तुझी फळी आहे. काय दिसतंय?"

"मधे सुटते, बाई," मी म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

"आणि समेवर?"

"समेवर येतोय."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले. "ठरलं तर मग. वामनचीच जाते. गणपुले, कार्यक्रम होणार आणि साथीला वामन बसणार."

"पण बाई, तुम्हीही बसणार होता ना फळीवर?"

"कशाला? चोर सापडल्यावर बाकीच्यांची झडती घेतात होय?"

अण्णानं सुटकेचा असा श्वास सोडला की माझं डोकंच फिरलं. फळी पिशवीत कोंबून मी तरातरा रस्त्यावर आले. तो मागून आला.

"सोंगाड्या!" मी म्हणाले. लोक बघत होते, बघोत. "नाटकात जा! मला काय आंधळी समजलास? कधीपासून चाललंय हे?"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"गुढीपाडव्यापासून," तो म्हणाला. "आधी कधीमधीच व्हायचं. त्या मागं राहतात, गं. त्यांना कळत नाही. मग मी थोडा थांबतो. अगदीच लांबलं तर मधे एखादा तुकडा टाकून भरून काढतो. लोकांना वाटतं मीच वेडंवाकडं वाजवतोय. वाटू दे."

"वाटू दे? सगळ्या गावात तुझं नाव खराब होतंय!"

"त्यांना कळलं तर त्या उठतील, कुमे. तू ऐकलंस ना. आणि उठल्यावर त्या घरात दिवसभर करतील काय? त्यांना दुसरं काय आहे?" त्याचे डोळे भरून आले होते. रस्त्यात, भर उन्हात. "सम चुकवायचीच असं ठरवून बसलो होतो मी आज. बोट उचललंही. पण ते पडलं तिथंच. नाही जमलं बघ."

"तुझं काय होईल याचा विचार केलास?"

"गाणं त्यांचं आहे."

"आणि तबला कुणाचा आहे?"

त्यानं माझ्या हातातली फळीची पिशवी घेतली आणि चालायला लागला.

पुढं व्हायचं तेच झालं. गणपुल्यांनी फळीची गोष्ट गावभर केली. विज्ञानानंच सिद्ध झालं म्हटल्यावर काय विचारता! सांगलीच्या एका गायिकेचा निरोप आला, की या खेपेला तबल्याची दुसरी व्यवस्था झाली आहे. अण्णाकडं शिकायला येणाऱ्या दोन मुलांचे वडील येऊन गेले. म्हणाले, सुरुवातीलाच हात वाकडा वळायला नको. अण्णानं त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या गुरुजींचा पत्ताही दिला. माझ्या फळीनं माझ्याच भावाचा गळा कापला होता आणि तो बसून चहा पाजत होता. मी घरात भांडी आपटत होते.

त्यात बाईंनी आणखी एक केलं. अण्णाला निरोप पाठवला की कार्यक्रमापर्यंत तालमीला येऊ नकोस, हाताला विश्रांती दे. त्या आणि मी, दोघीच तंबोऱ्यावर बसणार होतो. ते मात्र मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगायचं ठरवूनच त्यांच्या घरी गेले. बाई तंबोरा लावत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काही सांगायला आलीस?"

"हो."

"नको सांगूस."

"बाई, पण तुम्हाला माहीत नाही..."

"कुमुद." त्यांनी खुंटी सोडली आणि माझ्याकडं पाहिलं. "कार्यक्रम होऊ दे. तोवर तोंड उघडायचं नाही. बस इथं."

मी बसले. पण मनात म्हटलं, काय ही स्वार्थी म्हातारी! सत्काराची शाल अंगावर पडेपर्यंत हिला काही ऐकायचंच नाही. बाईंविषयी इतकं वाईट माझ्या मनात कधी आलं नव्हतं, आणि तंबोरा छेडताना मी ते पुन्हा पुन्हा मनात आणत होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणं झाली, शाल झाली, गणपुल्यांनी घसा खाकरून आभारसुद्धा आधीच मानून घेतले. मग आम्ही बसलो. मधे बाई, डावीकडं हार्मोनियम, उजवीकडं अण्णा, मागं मी. पहिल्या रांगेतल्या दोघांनी अण्णाला बसताना पाहून एकमेकांच्या कानाला तोंड लावलं. मी ते पाहिलं. त्यानंही पाहिलं असणार.

बाईंनी पूरिया धरला. नुसता आलाप. ताल नाही, ठेका नाही. अण्णा तबला लावून हात मांडीवर ठेवून बसला होता, बाई कधी बंदिश उचलतात याची वाट बघत. बाई गातच राहिल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी कसा लागला होता ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनातलं सगळं किल्मिष त्यानं धुऊन काढलं, एवढंच सांगते. लोकांची चुळबुळ थांबली होती. किती वेळ गेला कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी षड्जावर येऊन आवाज सोडला, पाणी प्यायल्या आणि माइक जवळ ओढला.

"माझं गाणं संपलं," त्या म्हणाल्या.

लोकांना वाटलं, मध्यंतर झालं. एकदोघं उठलेसुद्धा.

"बसा. ठेक्यावरचं गाणं आज मी गाणार नाही. यापुढंही गाणार नाही. गेले काही महिने लय माझी सुटते आहे. वामनची नाही, माझी. तो माझ्यासाठी थांबत होता आणि तुमचे बोल खात होता. मला खरं कळू नये म्हणून त्यानं मुद्दाम चुकून दाखवलं. पण त्याला चुकायला येत नाही, सम काही त्याच्यानं सुटली नाही. कान अजून आहेत मला." त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. "गणपुले, ती गोष्ट तुम्ही गावभर सांगितलीत. आता हीसुद्धा सांगा."

सभागृहात कुणी हसलं नाही. मी तंबोऱ्यामागं तोंड लपवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं तारांवर तशीच चालू होती.

"आता वामन वाजवेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माइक त्याच्याकडं सरकवला.

"बाई, नको," अण्णा माइकपासून तोंड वळवून कुजबुजला. मी मागं होते म्हणून मला ऐकू आलं. "मी हात जोडतो. तुम्ही गा. एकच बंदिश गा. मी आहे ना! मी बघतो."

"ते आता पुरे," बाईही कुजबुजल्या. "वाजव."

हार्मोनियमवर नगमा, तबल्याला ताल दाखवणारी ती एकच फिरती ओळ, सुरू झाला. अण्णा नुसताच बसून राहिला. एक आवर्तन रिकामं गेलं. दुसरं गेलं. मग त्यानं डोळे पुसले आणि वाजवायला सुरुवात केली.

बाईंनी त्याच्याकडं तोंड करून गुडघ्यावर हातानं ताल धरला. लहान मुलीसारख्या खूश दिसत होत्या. थोडा वेळ सगळं एकत्र चाललं. मग मलासुद्धा, माझ्यासारखीला, दिसायला लागलं की बाईंचा हात मागं पडतोय. अण्णाला तर माझ्या कितीतरी आधी दिसलं. त्याचा डगा क्षणभर सैल झाला, तो थांबायला निघाला, सवयीनं.

"माझ्याकडं बघू नकोस," बाई म्हणाल्या.

अण्णानं मान वळवली आणि लोकांकडं तोंड करून वाजवायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं वाजवताना ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? आजवर त्याचा अर्धा जीव कायम शेजारी लागलेला असायचा. पहिल्या रांगेतले ते दोघं खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. तिहाई घेऊन तो समेवर आला, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

बाई डोळे मिटून ताल धरून बसल्या होत्या. टाळ्या चांगल्या रंगात आल्यावर त्यांची सम आली. गुडघ्यावर एक ठोका देऊन त्यांनी हात थांबवला.